आमच्या आत्या मालिकेतल्या बाईवर इतक्या का चिडतात?

‘मॅडम, आमच्या आत्या टीव्हीतल्या माणसांशी भांडतात. हे वेडाचं लक्षण तर नाही ना?’ या अर्थाची विचारणा समुपदेशक म्हणून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. कधी सून विचारते, कधी मुलगा, कधी नुकतेच निवृत्त झालेले यजमान. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. पण एवढं ऐकून घरातला ताण जात नाही, म्हणून सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या एका कुटुंबाची हकिगत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या. सून त्यांना आत्या म्हणते, मी काकू म्हणायचे. रोज रात्री त्या एक कौटुंबिक मालिका बघायच्या. नायिका सालस, घरातल्या सगळ्यांचं करणारी. एके दिवशी दीर तिच्यापुढे दुकानाचे कागद ठेवतो आणि ती ते न वाचता सही करते. तिथून काकूंचं बिनसलं. सून सांगत होती, ‘दिराला त्या एक शब्द बोलत नाहीत मॅडम. सगळा राग त्या गरीब बिचारीवर. अगं वाच की आधी, डोळे फुटले का तुझे, असं ओरडतात. ताट तसंच राहतं. काय झालंय की, कळंना.’

मुलानं वैतागून डिशचं कनेक्शन बंद केलं. काकूंनी नातवाकडून मोबाइलवर मालिका बघायला शिकून घेतलं. आता तोच प्रसंग रात्री एक-दीडपर्यंत, पुढच्या भागाच्या झलकांसकट. बघणं काढून घेतल्यावर असंच होतं. माणूस एकटा बघायला लागतो, आणि एकट्यानं बघितलेलं जास्त छळतं.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, रक्तदाब, साखर, थायरॉइड, पाळी जाण्याच्या काळातले त्रास हे सगळं विचारलं. या वयातल्या चिडचिडीमागे शरीराचं कारण असू शकतं आणि ते आधी तपासलंच पाहिजे. मग सरळ विचारलं, ‘काकू, ती बाई खरी आहे असं वाटतं का?’ त्या जरा दुखावल्याच. ‘नटी आहे ती. साबणाच्या जाहिरातीत पण असते. एवढं कळत नाही होय मला?’

हे उत्तर फार महत्त्वाचं आहे. पात्र खोटं आहे हे माहीत असणं आणि तरीही त्याच्यासाठी जीव कासावीस होणं, दोन्ही एकाच निरोगी मनात सुखानं नांदतं. उलट, टीव्हीतली माणसं आपल्यालाच उद्देशून बोलतात, खुणा करतात, आपल्यावर नजर ठेवतात असं कुणी ठामपणे सांगू लागलं, किंवा झोप आणि जेवण दिवसेंदिवस सुटलं, तर मात्र थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याबद्दल डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलायचे आणि त्यांना पत्रं लिहायला सांगायचे. सुमारे ४ लाख पत्रं आली असं त्या मालिकेच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तेव्हा आपली आत्या जगावेगळं काही करते आहे असं अजिबात समजू नका. शिवाय रोजच्या मालिकेची बांधणीच अशी असते की अन्याय आज दिसतो आणि न्याय पुढे ढकलला जातो. खलनायकाला शिक्षा झाली तर गोष्ट संपेल. बघणाऱ्याच्या मनातली न्यायाची भूक महिनोनमहिने तशीच ठेवली जाते, आणि ज्याची भूक आधीचीच आहे त्याला ते सोसत नाही.

काकूंची ही भूक कुठली होती, ते कळायला मी त्यांना मालिकेचीच गोष्ट सांगायला लावली. पूर्ण, पहिल्यापासून. घरात कुणी ती ऐकून घेतली नव्हती. सगळे म्हणायचे, ‘सोड ना आई, मालिका आहे ती.’ त्यांनी रंगून सांगितली. कोण कुणाचं काय लागतं हे मी विचारत राहिले, कारण ते कळल्याशिवाय राग कुठे बसला आहे ते दिसत नाही. सहीच्या प्रसंगाशी आल्यावर म्हटलं, ‘लेखणी तुमच्या हातात दिली तर तिच्या तोंडी काय घालाल?’

काकू ताठ बसल्या. ‘मी सही करणार नाही म्हणेल ती. माझ्या बापाच्या रानातला वाटा आहे, तुमच्या बोलण्यावर सोडू काय?’

मालिकेत रान नव्हतं. कागद दुकानाचे होते आणि ते सासरचं होतं. मी एवढंच विचारलं, ‘रान कुठलं, काकू?’ त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि मग मंगळवेढ्याचं बोलायला लागल्या.

काळी जमीन, ज्वारीची. वडील गेल्यावर, वर्षश्राद्धाच्या आत, भाऊ गाडी घेऊन आला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो निघाला, अंगठे झाले, सह्या झाल्या. कागद कुणी वाचून दाखवला नाही, यांनी मागितला नाही. परत येताना भावानं चोळीबांगडी केली, इरकल साडी घेतली. नात्यागोत्यात नाव झालं, बहीण असावी तर अशी. ‘माहेर तुटू नये म्हणून केलं, मॅडम. नाही म्हटलं असतं तर दिवाळीला कोण बोलावणार?’

मालिकेतल्या नायिकेचंही सहीनंतर कौतुकच झालं होतं. देवघरात समई, संथ संगीत, सासूचा आशीर्वाद. काकूंना सहन होत नव्हतं ते हे कौतुक. न वाचता सही केली म्हणून बाईला सोन्यासारखी म्हणायचं, हे त्यांनी एकदा अंगावर झेललं होतं. बहिणीकडून माया म्हणून हक्क लिहून घेण्याची ही रीत अन्यायाची आहे. मी ते काकूंनाही तिथेच सांगितलं. समुपदेशकानं प्रत्येक वेळी गप्पच बसायचं असतं असं मला वाटत नाही.

‘ओरडू द्या, मोकळ्या होतील,’ असं शेजारी सुचवत होते. तसं होत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याचा राग आला त्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणारे लोक शांत झाले नाहीत, त्यांचा राग वाढला. म्हणून आम्ही ठरवलं की डिश पुन्हा सुरू करून भाग एकदाच बघायचा, टीव्हीवर, सुनेबरोबर. मोबाइलवरच्या झलका बंद. भाग संपला की टीव्ही बंद करून सुनेनं एकच प्रश्न विचारायचा, ‘आत्या, आज कुठल्या वाक्याला राग आला?’ ‘कशाला बघता’ हा शब्द घरात काढायचा नाही. पहिले काही दिवस काकू नुसत्या पात्रांना शिव्या घालत होत्या. मग हळूहळू ‘आमच्या दादानं पण’ असं वाक्य यायला लागलं, आणि सून ऐकत राहिली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासूच्या माहेरचं एवढं तिला ठाऊक नव्हतं.

राग ऐकून घेतला तरी जमिनीचा प्रश्न राहतोच. कायद्याचं मी सांगू नये, म्हणून त्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, हे फार थोड्या बायकांना माहीत आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, हे काकूंनी तिथे पहिल्यांदा ऐकलं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय मोडणं अवघड, आणि मध्ये बरीच वर्षं गेलेली, हेही वकिलांनी स्पष्ट सांगितलं.

काकूंनी दावा लावला नाही. भावाकडे मात्र गेल्या आणि म्हणाल्या, ‘दादा, कागद मला वाचून दाखवायला पाहिजे होता.’ तो चिडला. त्या वर्षी भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. काकू रडल्या, आणि त्या रात्री झोपल्याही.

पुढे त्यांनी आणि काकांनी जुळे सोलापूरच्या फ्लॅटचं मृत्युपत्र केलं, मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावे निम्मं निम्मं. मुलीला पुण्याहून बोलावून घेतलं आणि सगळ्यांना समोर बसवून ते मोठ्यानं वाचायला लावलं. मुलाला ते पटलं नाही. ‘कर्जाचे हप्ते मी भरले,’ असं त्याचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य होतं. त्यानंतर माझ्याकडे तो यायला लागला.