चीनमध्ये सोलर पॅनल एवढे स्वस्त झाले, मग जळगावात दर तेवढे का उतरत नाहीत? अजून थांबावं का?

माझं मत: अनुदान घेणार असाल तर थांबू नका.

चीनने मागणीपेक्षा खूप जास्त कारखाने उभारले. पॅनलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात जगातला 80 टक्क्यांहून अधिक वाटा त्यांचा आहे. म्हणून 2023 पासून तिथले भाव कोसळले. आपल्याकडे केळीची आवक एकदम वाढली की रावेर-सावद्यात भाव पडतो ना, तसंच.

पण ती स्वस्ताई आपल्या गच्चीपर्यंत पोहोचत नाही. एप्रिल 2022 पासून आयात पॅनलवर 40 टक्के आणि सेलवर (ज्या छोट्या चकत्या जोडून पॅनल बनतो) 25 टक्के शुल्क लागलं. त्यात गच्चीवरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानासाठी सेलसुद्धा भारतातच बनलेला लागतो. दुकानदार अशा पॅनलला 'डीसीआर पॅनल' म्हणतात. आपल्याकडे पॅनल जोडणारे कारखाने भरपूर, सेल बनवणारे मात्र बरेच कमी. मागणी वाढली, सेल अपुरे, म्हणून डीसीआर महाग. खरी गोम इथे आहे.

शिवाय पॅनल हा एकूण खर्चाचा एक भाग. इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, वायर, मजुरी हा खर्च पॅनल स्वस्त झाले म्हणून उतरत नाही. सांगाड्यात मात्र काटकसर करू नका, आपल्याकडची वावटळ तुम्हाला माहीत आहेच.

3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, आणि सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कोटेशन घेताना डीसीआर आणि साध्या पॅनलचा दर वेगवेगळा लिहून मागा.