धावत्या दिव्याचा प्रकाश

प्रश्न : धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचाही वेग मिळतो. मग हेडलाइटच्या प्रकाशाला का मिळत नाही?

शंका रास्त आहे. स्वित्झर्लंडचे वाल्टर रिट्झ यांनी १९०८ मध्ये हेच मांडलं होतं की, प्रकाशाला उगमाचा वेग मिळतो. १९१३ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ विलेम डी सिटर यांनी जोडताऱ्यांकडे बोट दाखवलं. समजा, १०० प्रकाशवर्षांवर एक तारा सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जोडीदाराभोवती चार दिवसांत फेरी मारतोय. हा वेग प्रकाशाच्या दहा हजारावा भाग. पण शंभर वर्षांच्या वाटेत, तारा आपल्याकडे येताना निघालेला प्रकाश साडेतीन दिवस लवकर पोहोचला असता आणि तारा दूर जाताना निघालेला तेवढाच उशिरा. मागून निघालेला पुढे गेला असता आणि एकच तारा एकाच वेळी अनेक जागी दिसला असता. असं कधी दिसलेलं नाही.

मला त्याहून पटणारा पुरावा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला, १९६४ चा. तिथे पायॉन नावाचे कण प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावत होते आणि धावतानाच फुटून गॅमा किरण, म्हणजे प्रखर ऊर्जेचा प्रकाशच, सोडत होते. वेगांची बेरीज होत असती तर पुढे निघालेल्या किरणांना ३० मीटर कापायला ५० नॅनोसेकंद पुरले असते. मोजलेला वेग मात्र नेहमीचाच निघाला, म्हणजे ३० मीटरला १०० नॅनोसेकंद. दिवा जवळपास प्रकाशाइतकाच धावतोय, तरी फरक नाही! मला हे आजही थक्क करतं.

प्रश्न : आवाजाचा वेगही भोंगा वाजवणाऱ्या गाडीवर अवलंबून नसतो. मग प्रकाशाचं वेगळेपण काय?

छान पकडलंत. आवाजाचा वेग हवेच्या संदर्भात ठरतो, त्यामुळे तुम्ही आवाजाकडे धावलात तर तो तुम्हाला जास्त वेगाने येताना आढळेल. प्रकाशाला अशी हवा लागत नाही. निर्वात जागेत तुम्ही एकसमान वेगाने कुठेही धावत असा, तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरच भरेल.

प्रश्न : म्हणजे उगम हलला तरी प्रकाशात काहीच बदलत नाही?

बदलतो तो रंग. देवयानी दीर्घिका सूर्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येतेय. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा तिच्या वर्णपटात ६५५.६ च्या आसपास सापडते, निळ्याकडे किंचित सरकलेली.