मुलं वही झाकून लिहितात तेव्हा

नागपूरच्या धरमपेठेत आठवी-नववीच्या मुलांसाठी रविवारचा लेखनवर्ग काढलाय, मुलं लिहितात पण वही झाकतात, आणि स्वतःबद्दल किती सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

ओळख 2 मिनिटांत उरका. पदव्या आणि छापून आलेल्या लेखांची यादी ऐकून मुलं आणखी आखडतात. घरी कोणती बोली बोलता, सध्या काय लिहिताय, कुठे अडलंय एवढं सांगा आणि स्वतःचं खाडाखोडीचं एक पान सगळ्यांच्या हातात फिरवा. चांगलं लिहिणाऱ्याला पहिल्या फटक्यात जमतं, हा मुलांचा पक्का समज असतो. छापील लेख दाखवून तो आणखी घट्ट होतो.

वही कोण वाचणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. दुमडलेलं पान शिक्षक उघडणार नाही, हा नियम चांगला चालतो; एकदा मोडला तर संपला. पण 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन चुकूनही देऊ नका. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हा अपवाद लिहायला बसण्याआधी सांगितला नाही, तर मुलाला तो दगाच वाटतो. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक भिंतीवर लावून ठेवा. पालकांना वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर मिळणार नाहीत, हेही प्रवेशाच्या वेळीच बोला.

सगळ्यात जास्त विश्वास बोलीपाशी तुटतो. नागपुरातलं मूल घरी 'आई स्वयंपाक करून राहिली' म्हणतं, मित्रांशी हिंदी बोलतं आणि शाळेत प्रमाण मराठी लिहितं. त्याच्या वाक्यावर 'शुद्ध लिही' असा शेरा आला की तो त्याला आईच्या बोलण्यावरचा वाटतो. मग ते संवाद लिहिणंच सोडतं, आणि लिखाणातला सगळा जीव तिथेच असतो. संवादातलं 'मले', 'तुले' जसंच्या तसं राहू द्या. निवेदनाची भाषा ज्यानं त्यानं ठरवावी. ती मध्येच बदललेली दिसली तर मुद्दाम की नकळत, एवढंच विचारा. परीक्षेत मात्र प्रमाण भाषा लागते, हे आडपडदा न ठेवता सांगायचं.

तपासताना पेन्सिल घ्या. लक्षात राहिलेल्या एका वाक्याखाली रेघ आणि मनापासून पडलेला एक प्रश्न, पहिल्या वाचनात एवढं पुरे. नुसतं 'छान' नको; कुणाच्या वहीत काय लिहिलंय हे मुलं ताडून बघतात. ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक गोलात अडकवली तर पुढच्या वेळी मूल खात्रीच्या शब्दांत चार ओळी लिहून मोकळं होतं. म्हणून एका वेळी चुकीचा एकच प्रकार. एका वहीला 8-10 मिनिटं लागतात, म्हणजे 15 वह्यांना दोन-अडीच तास. तुकडी त्याहून मोठी करू नका, कारण वह्या पुढच्या रविवारी हातात पडायलाच हव्यात.

विषय 'माझा आवडता सण' नको. तान्ह्या पोळ्याला मुलं मिरवतात तो लाकडी नंदी सजवताना काय बिनसलं, मे महिन्यात कूलरमध्ये पाणी कोण भरतं, असं काही द्या. 10 मिनिटं तुम्हीही सोबत लिहा आणि आधी तुमचंच कच्चं पान वाचा. कुणी वाचायला नको म्हणालं तर कारण न विचारता पुढच्याकडे वळा.