‘विज्ञान सोडून’ नव्हे, विज्ञान घेऊनच

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. रसायनशास्त्रात तिला उत्तम गुण पडतात. पण आता इंजिनीअरिंग नको, जुनी हस्तलिखितं आणि चित्रं जतन करण्याचं शिक्षण घ्यायचं, असं म्हणते. छंद म्हणून ठीक आहे. पण विज्ञान सोडून या वाटेला गेली तर पोट भरेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘विज्ञान सोडून’ हे दोन शब्द आधी खोडूया. हस्तलिखित जपणं म्हणजे मुख्यतः रसायनशास्त्रच. मायफळ (ओक झाडावरची गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून केलेली शाई शतकानुशतकं वापरात होती. तिच्यातलं आम्ल आणि लोह हळूहळू कागद खातं. कधी कधी अक्षरं जाळीसारखी गळून पडतात. चिंध्यांच्या लगद्याचा पाचशे वर्षांपूर्वीचा कागद अजून लवचीक असतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद बोट लावताच तुटतो. असं का, हे ज्याला कळतं, त्यालाच त्यावर उपाय करता येतो. म्हणून आधी रसायनशास्त्रात पदवी आणि मग जतन-संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हा रस्ता मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पुढे बेत बदललाच, तरी पदवी हातात राहते.

आता जरा कटू बोलतो. जुन्या गोष्टींचं प्रेम असणं आणि हे काम आवडणं, यांत फार अंतर आहे. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीचा पूर इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. देशोदेशीची तरुण मुलं धावली, साखळी करून त्यांनी चिखलातून पुस्तकं वर काढली. त्या उत्साहाचं कौतुक आजही होतं, आणि व्हायलाच हवं. पण खरं काम त्यानंतर सुरू झालं: एकेक पान सुटं करणं, धुणं, वाळवणं, पुन्हा शिवणं. ते काही दशकं चाललं. आधी सगळ्यांना तगवा, मग एकेकाची दुरुस्ती करा, ही शिस्त त्या पुरानंतर पक्की झाली. तुमच्या मुलीला साखळीतली जागा हवी आहे की टेबलावरची, हे पाहायला हवं.

दुसरं, इथे स्वतःची कला दाखवायची सोय नाही. चित्राचा उडालेला भाग ‘मूळच्यापेक्षा सुंदर’ रंगवला की तो अपराध. फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतात, कारण उद्या कुणाला ती दुरुस्ती चुकीची वाटली तर पाण्याने ती सोडवता यावी. ज्यांना आपलं नाव दिसावंसं वाटतं, त्यांची इथे घुसमट होते.

पोटाचं विचारलंत. संग्रहालयं, अभिलेखागारं, मोठी ग्रंथालयं आणि खासगी कार्यशाळा इथे काम मिळतं. कायमस्वरूपी जागा मोजक्या, कंत्राटी कामं जास्त. पहिली काही वर्षं इंजिनीअर झालेल्या मैत्रिणींपेक्षा कमाई कमी राहील, हे गृहीत धरा. डिजिटल जतनाकडे मात्र तिने आतापासूनच लक्ष ठेवावं. बीबीसीने 1986 मध्ये लेझर डिस्कवर साठवलेला एक मोठा प्रकल्प जेमतेम पंधरा वर्षांत वाचता येईनासा होण्याच्या बेतात आला होता. कागद निदान उघडता तरी येतो!

प्रवेशअर्ज भरण्याआधी तिला एक काम द्या. घरातलं एक जुनं पुस्तक घेऊन आठवडाभर फक्त त्याची स्थिती लिहायची: डाग कुठे, शिवण कुठे सुटली, कीड कुठून कुठे गेली, कोणतं पान कोणत्या दिशेने फाटलं. फोटो काढायचे, आकृत्या काढायच्या, दुरुस्ती अजिबात करायची नाही. चौथ्या दिवशीही ती भिंग घेऊन बसलेली दिसली, तर अर्ज आणून द्या.

आणि त्या पुस्तकाला जुनी चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती आत्ता ओढून काढू देऊ नका. पट्टीबरोबर छापील अक्षरंही निघून येतात.