‘ग्राभण’ ही छपाईची चूक नव्हे

प्रश्न असा आला आहे : रसायनशास्त्राच्या एका मराठी टिपणात ‘ग्राभण’ असा शब्द दिसला, तो ‘ग्रहण’चा मुद्राराक्षस आहे का? आणि ज्या इंग्रजी शब्दासाठी (chelation, म्हणजे रेणूनं धातूच्या अणूला नांगीसारखं पकडणं) तो वापरलाय त्याचा उच्चार चिलेशन की कीलेशन?

दुसऱ्याचं उत्तर सोपं. कीलेशन. मूळ ग्रीक शब्द ‘खेले’, म्हणजे खेकड्याची किंवा लॉब्स्टरची नांगी. ग्रीकमधून आलेला हा ‘सीएच’ इंग्रजीत ‘क’ होतो, जसा केमिस्ट्रीत आणि कोलेस्टेरॉलमध्ये. ‘चिलेशन’ सर्रास कानावर पडतं, पण त्याला आधार नाही. आणि कीलेट पाहून संस्कृत ‘कील’ म्हणजे खिळा आठवत असेल, तर तोही निव्वळ योगायोग.

आता ग्राभण. ‘ग्रह्’ धातूचं जुनं, वैदिक रूप ‘ग्रभ्’. आपण ‘पाणिग्रहण’ म्हणतो, पण ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात (१०.८५) वर म्हणतो, ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’. ‘भ’ आधीचा, ‘ह’ नंतरचा. भचा ह होणं मराठीलाही नवं नाही : ‘लभ्’पासून जुन्या मराठीतलं ‘लाहणे’ असंच आलं. तेव्हा शब्द शुद्ध आहे, फक्त दोनतीन हजार वर्षांनी कामाला लावलेला.

मग सरळ ग्रहणच का नको? कारण नुसतं धरणं म्हणजे कीलेशन नव्हे. १९२० साली मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी हा शब्द बनवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नांगीची दोन बोटं होती. एकाच रेणूनं धातूच्या अणूला किमान दोन जागांनी पकडलं आणि कडं तयार झालं, तरच ते कीलेट. अमोनियाचा रेणू तांब्याला धरतो, पण एकाच जागी. ते ग्राभण नाही. ईडीटीए हे संयुग तोच धातू सहा जागांनी आवळतं. (या जागांना रसायनशास्त्रात ‘दात’ म्हणतात : द्विदंती, षड्दंती. नांगीला दात! पण परिभाषेत असं चालतं.) शिवाय ‘ग्रहण’ म्हटलं की आधी सूर्य-चंद्र आठवतात. अनोळखी ‘भ’ इथे उपयोगीच पडतो, दुसरा कुठला अर्थ वाटेत येत नाही.

पकड म्हणजे काय हे पाहायचं तर पाण्याचा कठीणपणा मोजण्याचा प्रयोग पाहावा. चंबूत कठीण पाणी, त्यात एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग. पाण्यातल्या मॅग्नेशियमला धरून बसल्यामुळे तो द्राक्षाच्या दारूसारखा लाल दिसतो. ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मोजनळीतून, ईडीटीए थेंबथेंब सोडत जायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग लाल जांभळटतो, आणि पुढच्या एखाद्या थेंबाला अख्खा चंबू निळा. शेवटचा धातूही रंगाच्या हातून हिसकावला गेलेला असतो. रंगानंही धातू धरलेलाच होता, पण सैल.

कीलेशन करणाऱ्या पदार्थाला ‘विषहारक’ म्हणावं, हे मात्र मला पटत नाही. तो एका उपयोगाचं नाव झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून डायमरकॅप्रॉल हे औषध शोधलं गेलं, तिथे शब्द शोभतो. त्याचे गंधकाचे दोन अणू आर्सेनिकला चिमटीत धरतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वारंवार रक्त चढवून लोह साठतं, ते डेफेरॉक्सामीन हे औषध बांधतं आणि लघवी व विष्ठेवाटे बाहेर नेतं, तिथेही चालेल. पण एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या गॅडोलिनियम या धातूचं काय? सुटं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते पंजात पक्कं धरूनच शरीरात सोडतात. तिथे नांगी धातू काढत नाही, सांभाळून आत नेते. रक्ततपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत तर विष नावालाही नसतं : तिथलं ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही.

माझा कल असा : लिहिताना पहिल्यांदा ‘ग्राभण, म्हणजे कीलेशन’ असं लिहावं, बोलताना कीलेशन. समजावताना बेलाशक ‘नांगी’ म्हणावं, फक्त विंचवाची नव्हे, खेकड्याची, एवढं सांगून.

औषधांच्या नावांना मात्र हात लावू नये. शिशाच्या विषबाधेत कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए देतात. त्याच्या पंजात आधीच कॅल्शियम असतं आणि शिसं भेटलं की ते कॅल्शियम सोडून शिसं धरतं. नुसतं डायसोडियम ईडीटीए रिकाम्या पंजानं जातं आणि रक्तातलंच कॅल्शियम उचलतं. या दोन नावांच्या घोटाळ्यात रुग्ण दगावले आहेत. दोन्हींना ‘ईडीटीएचं इंजेक्शन’ म्हणून मोकळं होणं, हे मराठीत तरी करू नये.