सिद्धेश्वरने मुंबई गाठली, आता नाश्ता कुठे?

सुट्ट्या जवळ आल्या की सोलापूरच्या वाचकांची पत्रं मुंबईच्या खाण्याकडे वळतात. त्यातली काही निवडक पत्रं इथे घेतली आहेत. हॉटेलांच्या वेळा आणि सुट्टीचे वार अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी एक फोन करून घ्यावा.

प्रश्न : आम्ही चौघं सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला चाललो आहोत. आई सत्तरीची आहे, तिचे गुडघे दुखतात. लॉजची खोली दुपारी बाराला मिळणार. दोन बॅगा सोबत आहेत. उतरल्या उतरल्या बसून शांतपणे नाश्ता कुठे करता येईल? (जुळे सोलापूर)

आधी दादरला उतरायचं की शेवटपर्यंत सीएसएमटीला जायचं, हे ठरवा. कुठे खायचं ते त्यावरच अवलंबून आहे. तुमच्या बाबतीत आम्ही सीएसएमटी सुचवू, आणि त्याचं कारण बॅगा. माटुंग्याची उडपी हॉटेलं असोत की धोबी तलावचे इराणी, टेबलाखाली पायांपुरतीच जागा असते. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं. मात्र प्रत्येक बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. चेन तुटलेली किंवा दोरीने बांधलेली बॅग घेत नाहीत. इथेच बरेच जण अडकतात, म्हणून दोन छोटी कुलुपं घरूनच घेऊन निघा. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, तयार होऊन बाहेर पडा.

समोरच, कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतलं ‘आराम’ वडापावसाठी प्रसिद्ध आहे. पण आईंना निवांत बसायचं असेल तर टॅक्सीने धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोरच्या ‘कयानी अँड कंपनी’त जा. अंतर पायी पंधरा मिनिटांचं आहे, पण भुयारी मार्गाच्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांना नकोत. पुरीभाजी हवी असेल तर बाजारगेटचं ‘पंचम पुरीवाला’ स्टेशनच्या जवळ आहे. तिथे गाडीतून उतरल्याबरोबर न जाता थोड्या उशिराने जावं.

सामान नसतं तर मात्र दादरला उतरून माटुंगा हेच उत्तर दिलं असतं. दादरहून ठाण्याच्या दिशेने जाणारी धीमी लोकल पकडायची, पहिलंच स्टेशन माटुंगा. जलद लोकल तिथे थांबत नाही. सकाळी गर्दी सीएसएमटीच्या दिशेने वाहते, त्यामुळे माटुंग्याला जाताना बसायलाही जागा मिळते. नाश्ता उरकून नऊ वाजता दक्षिणेकडे निघालात की उभं राहायला मिळणार नाही. परतीला टॅक्सी करा, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत अकरा वाजेतो माटुंग्याच्या फूलबाजारात आणि देवळांत वेळ काढा.

प्रश्न : इडली-डोसा आमच्याकडे गल्लोगल्ली गाड्यावर मिळतो. मग तोच खायला माटुंग्याला कशाला जायचं? (अशोक चौक)

तोच खायचा असेल तर जाऊच नका. साधी इडली-सांबार मागवून सोलापूरकर हमखास निराश होतो, कारण उडपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतो आणि खोबऱ्याची चटणी सौम्य असते. शेंगदाण्याच्या तिखट चटणीवर वाढलेल्या जिभेला ते मिळमिळीत लागणारच.

मागवण्यासारखं वेगळं आहे. किंग्ज सर्कलजवळच्या ‘कॅफे मद्रास’मध्ये (१९४० पासूनचं, सोमवारी बंद) रसम वडा घ्या. मेदूवडा रसममध्ये बुडवूनच येतो. तो लगेच फोडू नका. दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग चमच्याने कडेने तोडा. आतपर्यंत रसम गेलेलं असतं, पण वड्याचा लगदा झालेला नसतो. दहा मिनिटं ठेवलात तर लगदाच हाती येईल. दुसरा पदार्थ पोडी इडली. पोडी म्हणजे डाळी आणि लाल मिरची भाजून केलेली पूड. इडली तिच्यात घोळवलेली असते. तिखटाची हौस इथे भागते. पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) काय असतो हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक वाचकांना सांगायला नकोच, तो फलकावर दिसला तर सोडू नये.

माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला अगदी लगत ‘राम आश्रय’ आहे, १९३९ चं. ते पहाटे पाचला उघडतं, म्हणून रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला सोयीचं. इथला शिरा रोज वेगळ्या चवीचा असतो. त्या दिवशी कुठला आहे ते फलकावर वाचूनच सांगा.

चौघं असाल तर सगळं एकदम मागवायचं नाही. आधी दोन प्लेट इडली-वडा प्रकार वाटून, मग डोसे एकेक करून. चार डोसे एकदम आले की तिसऱ्यापर्यंत चौथा मऊ पडतो. फिल्टर कॉफी शेवटी. ती वाटी-पेल्यात येते. वरून ओतून फेस काढायचा तो दिखाव्यासाठी नाही, साखर मिसळते आणि पिण्याइतकी निवते. रविवारी आठनंतर रांग लागते. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसलात तर वेटर बिल आणून ठेवतो. त्यात अपमान मानू नये, बाहेर वीस जण उभे असतात.

प्रश्न : इराण्याकडे पहिल्यांदाच जाणार आहोत. ब्रून आणि बन यात फरक काय? आणि शाकाहारी माणसाने काय घ्यावं? (सात रस्ता)

बन मऊ आणि किंचित गोड असतो. ब्रून बाहेरून कडक, खापरीसारख्या सालीचा, आतून जाळीदार, आणि गोड अजिबात नाही. दोन्ही कापून लोणी लावून देतात, तो मस्का. मुलांना आणि आजी-आजोबांना बन, दात धड असलेल्यांना ब्रून. ब्रून चहात बुडवताना लोण्याची बाजू वर ठेवून फक्त टोक बुडवा. अख्खा तुकडा सोडलात तर लोणी चहावर तरंगतं आणि चहा तेलकट होतो. चहा ‘पानी कम’ सांगा, म्हणजे दाट येतो.

ब्रून खावा तो सकाळीच. मुंबईची हवा दमट असल्याने त्याची साल ओल ओढून घेते, आणि संध्याकाळपर्यंत कडकपणा जाऊन चामट होते. पावसाळ्यात तर दुपारीच.

शाकाहारींसाठी बन मस्का, ब्रून मस्का, खारी आणि चहा एवढ्यात नाश्ता होतो. मावा केकमध्ये अंडं असतं, हे आधीच लक्षात ठेवा. अंडं चालत असेल तर आकुरी घ्या. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलेली पारशी पद्धतीची ही अंडी ओलसरच असतात. भुर्जीसारखी कोरडी नाही म्हणून ‘कच्ची आहे’ असं सांगून ती परत पाठवणारे बरेच जण असतात. ती तशीच असते.

मटण खाणाऱ्यांनी कुलाब्याला लिओपोल्ड कॅफेसमोरच्या ‘ऑलिंपिया’त खिमा-पाव खावा. १९१८ चं हॉटेल आहे आणि खिमा हा तिथला सकाळचाच पदार्थ आहे. तिथे जेवायच्या वेळी गेलात तर मुद्दा हुकला.

प्रश्न : समुद्र बघत नाश्ता करायचा आहे. गिरगाव चौपाटीवर सकाळी काय मिळतं? (विजापूर रोड)

चालणारी माणसं. भेळ-पावभाजीचा बाजार तिथे दुपारनंतर रंगतो, त्यामुळे चौपाटी सकाळच्या खाण्यासाठी धरू नका. मरीन ड्राइव्हच्या कठड्यालगतही खाण्याची दुकानं नाहीत. समुद्र दिसेल अशा काचेमागे बसायचं तर रस्त्यापलीकडची महागडी रेस्तराँ आहेत, आणि तिथे पैसे जातात ते ऑम्लेटपेक्षा खिडकीचे. खिडकीचं टेबल आधी सांगून ठेवलं नसेल तर आतली भिंत बघत खावं लागतं.

त्यापेक्षा दोन्ही गोष्टी वेगळ्या करा. दादर पश्चिमेला शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’मध्ये मराठी नाश्ता करा, कोथिंबीर वडी, थालीपीठ, मिसळ, आणि मग शिवाजी पार्क ओलांडून चालत दादर चौपाटीवर जा. चैत्यभूमीजवळ समुद्रावर बांधलेला सज्जा आहे, तिथे बसायला बाकं आहेत. हे दहाच्या आत उरका, नंतर ऊन टिकू देत नाही.

प्रश्न : ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनचा पुरस्कार मिळाला म्हणतात. आम्हा सोलापूरकरांना ती तिखट लागेल का? (बाळे)

नाही. २०१५ मध्ये ‘फूडीहब’च्या पुरस्कारांत ती सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली होती हे खरं, पण चव दादरची आहे, घरगुती आणि बेताची. जास्तीचा रस्सा मागून घ्या. शेंगा चटणीची पुडी खिशात असेल तर ती बाहेर काढायला आमची हरकत नाही.

प्रश्न : एकादशीला मुंबईत असणार. उपासाचं काय मिळेल? (उत्तर कसबा)

दादरला शिवाजी पार्क भागातलं ‘प्रकाश’ साबुदाणा वडा आणि पियुषसाठी ओळखलं जातं. वडा कुठल्या तेलात तळतात आणि चटणीत कोथिंबीर आहे का, हे कडक उपास असेल तर विचारून घ्या. पियुष श्रीखंड आणि ताकाचं असतं, चांगलंच जड. दोघांत एक पुरे.

प्रश्न : मुलं पंचतारांकित हॉटेलातल्या रविवारच्या ‘ब्रंच’चा हट्ट धरून बसली आहेत. सकाळच्या वंदे भारतने गेलो तर जमेल का? (होटगी रोड)

वेळेच्या हिशेबाने जमतं. गाडी सोलापूरहून सहाच्या सुमारास सुटते आणि साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. ब्रंच नावाला नाश्ता-जेवण असलं तरी मुंबईत तो साधारण साडेबारा ते साडेतीन-चार असतो. म्हणजे ते दुपारचं जेवणच. गाडी उशिरा आली तर तासभर हातातून जातो आणि पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात, म्हणून टेबल दीडचं सांगा.

आरक्षण करताना चार गोष्टी विचारा. दर माणशी किती, त्यावर कर वेगळा का, मद्य नसलेला दर कोणता, आणि मुलांचा दर कितव्या वर्षापर्यंत. मद्यासहित आणि मद्याविना असे दोन दर असतात. न सांगितल्यास महागडा धरला जाऊ शकतो. तिकीट काढताना वंदे भारतमधलं खाणं नको म्हणण्याची सोय आहे, ती वापरा. गाडीत पोटभर नाश्ता करून माणशी हजारोंच्या ताटापुढे बसणं हा शुद्ध तोटा. आत गेल्यावर पाव, पास्ता, भात यांच्याकडे शेवटी वळा. पोट त्यांनीच भरतं. आधी एक चक्कर मारून काय काय मांडलंय ते पाहा, समोर करून देणारे पदार्थ कोणते ते हेरा, आणि मग ताटली उचला.

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा कमी ठेवण्याची वेळ, साधारण अकरा ते चार असतो. त्या वेळात लोकलच्या भरवशावर हॉटेल गाठायला जाऊ नका.

प्रश्न : मावा केक आणि ब्रून सोलापूरला आणता येतील का? (नवी पेठ)

केक येतो. दुपारनंतर घ्या, गार झालेलाच घ्या, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा न करता आडवा ठेवा. बॅगेत कपड्यांखाली दाबला की घरी चुरा पोचतो. मावा असल्याने आपल्या उन्हाळ्यात तो बाहेर टिकत नाही. पोचल्यावर फ्रीजमध्ये टाका, दोन-तीन दिवसांत संपवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर तूप थिजलेलं लागतं.

ब्रून कागदी पिशवीत आणा. प्लास्टिकमध्ये बांधला तर आतल्या वाफेने साल मऊ पडते. घरी पाण्याचा हलका हात फिरवून १८० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, आधी झाकण ठेवून तीन मिनिटं आणि मग झाकण काढून दोन मिनिटं. गरम केलेला ब्रून लगेच संपवायचा, निवला की दगड होतो आणि दुसऱ्यांदा गरम करून सुधारत नाही.