वॉचपॉइंट कधी पळतो, कधी रेंगाळतो: यात कर्नलचं काम काय?

तुम्ही विचारलंय की जीडीबीत (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनात, म्हणजे डीबगरमध्ये) एका इंटवर (पूर्णांकाच्या व्हेरिएबलवर) वॉच लावला, म्हणजे ‘किंमत बदलली की थांब’ असं सांगितलं, तर प्रोग्रॅम नेहमीच्या वेगाने चालतो, पण अख्ख्या स्ट्रक्चरवर (अनेक फील्डच्या गठ्ठ्यावर) लावला की रेंगाळतो, असं का? आणि डीबग रजिस्टर्स (नजर ठेवायचे पत्ते धरणाऱ्या छोट्या जागा) प्रोसेसरमध्येच आहेत, तर मध्ये कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कशाला?

रेंगाळण्याचं कारण सोपं आहे. एक्स८६ मध्ये (इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांत) १९८५ च्या ८०३८६ पासून पत्ते ठेवायला चारच रजिस्टर्स आहेत, डीआर-० ते डीआर-३. ६४ बिट मोडमध्ये एकेक जास्तीत जास्त ८ बाइटवर नजर ठेवतं, म्हणजे सगळी मिळून ३२ बाइट. स्ट्रक्चर त्याहून मोठं असेल तर जीडीबी दुसरा मार्ग धरतो: प्रोसेसरची एक सूचना (इन्स्ट्रक्शन) चालवायची, थांबायचं, किंमत बदलली का बघायचं, मग पुढची. याला शेकडो पट वेळ लागतो. वॉच लावल्यावर ‘हार्डवेअर वॉचपॉइंट’ असं छापून येतं की नुसतं ‘वॉचपॉइंट’, ते वाचत जा.

आता कर्नल. ही रजिस्टर्स लिहायची सूचना फक्त रिंग-० मध्ये, म्हणजे कर्नलच्या सर्वाधिकाराच्या पातळीवर, चालते, म्हणून जीडीबी पीट्रेसमार्फत (दुसऱ्या प्रोग्रॅमवर ताबा ठेवायच्या सिस्टिम कॉलमार्फत) कर्नलला विनंती करतो. हे बंधन हवंच. रजिस्टरमध्ये असतो आभासी पत्ता (त्या एका प्रोसेसपुरता, म्हणजे चालू प्रोग्रॅमपुरता, खरा), आणि तोच पत्ता दुसऱ्या प्रोसेसमध्ये भलत्याच व्हेरिएबलचा असतो. त्यामुळे थ्रेड बदलला की कर्नलला जुन्याचे पत्ते उतरवून नव्याचे चढवावे लागतात. कर्नलच्या स्वतःच्या मेमरीचा पत्ता साध्या प्रोग्रॅमने दिला तर तो नाकारावा लागतो. शिवाय चार जागांचे गिऱ्हाईक अनेक: पीट्रेस, पर्फ (लिनक्सचं वेग मोजायचं साधन), खुद्द कर्नलमधलं डीबगिंग. लिनक्समध्ये २.६.३३ पासून या सगळ्यांचा हिशेब एकाच ठिकाणी होतो.

हे काम किती नाजूक आहे ते मे २०१८ मध्ये दिसलं. स्टॅक सेगमेंट रजिस्टर (प्रोसेसरचं आणखी एक रजिस्टर) मेमरीतून भरताना त्या पत्त्यावर वॉच असेल, तर प्रोसेसर अपवाद (काम थांबवून कर्नलला दिलेली हाक) लगेच उठवत नाही, पुढची सूचना संपेपर्यंत थांबतो. ती पुढची सूचना कर्नलमध्ये शिरणारी असली, तर अपवाद फुटतो कर्नलच्या उंबरठ्यावर, त्याची मांडामांड व्हायच्या आधी. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी, सगळेच यात सापडले होते.

एक गोष्ट मात्र स्वतः ठेच खाल्ल्याशिवाय लक्षात येत नाही. आमच्या एका प्रोग्रॅममध्ये रांगेची मोजणी मधेच ७ वरून ० व्हायची. दोन दिवस प्रिंट टाकत बसलो होतो. शेवटी मोजणीवर ‘वॉच -एल’ लावला (यात पत्ता पक्का होतो, त्यामुळे फंक्शन संपलं तरी वॉच उडत नाही) आणि मिनिटभरात थांबला: जुनी किंमत ७, नवी ०. पण कुठे थांबलो ते दाखवणारा बाण होता लॉग लिहिणाऱ्या ओळीवर, जिचा मोजणीशी काही संबंध नाही! डेटावरचा वॉच सूचना पूर्ण झाल्यावर थांबवतो, त्यामुळे गुन्हेगार बाणाच्या मागे असतो. एक ओळ वर पाहिलं. १६ अक्षरांच्या नावाच्या शेवटी शून्य (मजकूर संपल्याची खूण) लिहिलं जात होतं, ॲरे होता १६ चाच, आणि त्याला लागून होती मोजणी; ते सतरावं शून्य तिच्यावरच पडत होतं.

तुम्हीही स्ट्रक्चर सोडा, ज्या फील्डचा संशय आहे त्यावरच लावा.